नऊ सात की सत्त्याण्णव? नववीच्या स्मरणप्रकल्पाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक अजून आलेलं नाही. तरी सुरुवात केली, कारण परिपत्रक आल्यावर आठ दिवसांत जे उभं राहतं ते थर्माकोल आणि एलईडीच असतं.

विषय शुक्रवारी आपोआप मिळाला. ओपनरला खाली ऑफिसात पाठवलं होतं. प्रयोगशाळेची किल्ली आण, खडूचे दोन बॉक्स आण, आठवी ब चं कॅटलॉग तिथंच राहिलंय का बघ, आणि आज मधली सुट्टी किती वाजता ते शिपाईमामांना विचार. पोरगा खडू घेऊन परत आला. एकच बॉक्स. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "बाई, तुम्ही सांगितलं तेव्हा मी सगळं म्हणून दाखवलं होतं ना? मग जिन्यात गेलं कुठं?"

त्यावर ओरडता येईना. प्रश्न बरोबरच होता.

गट तिघांचा. वहीत खरी नावं लिहीत नाही, वर्गातलीच टोपणनावं चालवते. मॉनिटर (तिच्याकडे चार रंगांची पेनं असतात), ओपनर (क्रिकेट, आणि क्रिकेट) आणि ताई. तिसरीतल्या भावाला हाताला धरून आणते म्हणून सगळा वर्ग तिला ताई म्हणतो. ती फारसं बोलत नाही.

पहिला प्रयोग अंकमालेचा. सेकंदाला एक अंक वाचायचा, संपलं की समोरच्यानं त्याच क्रमानं म्हणायचं. चार अंकांपासून सुरू, मग पाच, मग सहा. एका लांबीचे दोन्ही प्रयत्न चुकले की थांबायचं. ही चाचणी नवी नाही. १८८७ साली लंडनमध्ये जोसेफ जेकब्ज यांनी शाळेतल्या मुलींवर ती केली होती. याच जेकब्जनी पुढे भारतीय लोककथाही इंग्रजीत संकलित केल्या. मुलांना हे दुसरं जास्त आवडलं.

८ ऑगस्ट

पहिल्या दिवशीची सगळी मापं रद्द.

बारा मुलं घेतली होती. पाच जणांनी आठ अंक म्हटले, दोघांनी नऊ. मी खूश. मॉनिटर मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेली. "बाई, तुम्ही पाढे म्हटल्यासारखं वाचताय." मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं ते ऐकलं. खरंच की! सात दोन नऊ, श्वास, चार एक आठ, श्वास. दर तिसऱ्या अंकाला माझा आवाज खाली उतरत होता. म्हणजे माळेचे तुकडे मीच पाडून देत होते आणि श्रेय मुलांच्या डोक्याला.

दुसरी चूकही माझीच. अंक मी मनानं लिहिले होते. एकाही माळेत तोच अंक लागोपाठ नव्हता, शून्य कुठंच नव्हतं आणि एकीत चक्क १९४७ बसलेलं. माणसाला 'कसेही' अंक सुचत नाहीत हे वर्गात शिकवते मी, आणि स्वतः करताना विसरते.

आता स्टीलच्या डब्यात शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या. काढायची, लिहायची, परत टाकायची, डबा हलवायचा. तिसरीच माळ निघाली ३ ३ ० ३ ७. ओपनर म्हणाला, "हे खोटं वाटतंय, बाई." वाटू दे. वाचनासाठी मोबाइलवर टकटक लावली आणि वाचायचं काम ताईला दिलं. तिचा आवाज सपाट आहे.

१३ ऑगस्ट

नव्यानं मोजलं. बहुतेक सहा-सातवर थांबले. एक पाचवर. मॉनिटर आठ.

मुलांना जॉर्ज मिलरचं सांगितलं. १९५६ साली अमेरिकेतल्या या मानसशास्त्रज्ञानं तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' अशी मांडली. हा सात इतका गाजला की त्यातली खरी मेख लोक विसरले. मिलर सात अंक म्हणत नव्हता, तो सात एकक म्हणत होता. एककात किती माल भरलाय याला बंधन नाही. वर्गात या एककाला काय म्हणायचं यावर दहा मिनिटं गेली. गठ्ठा, पुडकं, गाठोडं. शेवटी ताई हळूच म्हणाली, "जुडी." मंडईत मेथीच्या काड्या कोणी मोजत नाही, जुड्या मोजतात. जुडी पक्की.

मग मॉनिटरनं कुठूनतरी वाचून आणलं की २००१ साली नेल्सन कोवन यांनी खरा आकडा चारच्या आसपास काढला. "मग सात खरे की चार?" दोन्ही खरे, पण वेगवेगळ्या अटींवर. आपण ऐकताना आतल्या आत पुटपुटतो, दोन-दोन तीन-तीनच्या जुड्या बांधतो. तशी चोरी करू दिली की सातपर्यंत जातो. चोरी बंद केली की तीन ते पाच.

चोरी बंद कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात.

२० ऑगस्ट

आजचा दिवस भारी गेला.

आधी गावांची नावं. एका यादीत वाई, पेण, भोर, रोहा, दौंड. दुसरीत महाबळेश्वर, त्र्यंबकेश्वर, संगमेश्वर, सावंतवाडी, नरसोबाची वाडी. दोन्हीकडे पाचच नावं, दोन्ही एसटीच्या पाट्यांवर रोज दिसणारी. पहिली यादी सगळ्यांनी म्हटली. दुसरीत संगमेश्वरनंतर रांगच लागली, कोणी सावंतवाडी गाळली, कोणी दोन 'ईश्वर' एकमेकांच्या जागी बसवले.

१९७५ साली ब्रिटनमध्ये बॅडली, थॉमसन आणि ब्युकॅनन यांनी हेच देशांच्या नावांवर करून पाहिलं होतं. छोट्या नावांत चाड, क्यूबा, लांबच्यांत चेकोस्लोव्हाकिया, अफगाणिस्तान. त्यांचा निष्कर्ष असा की साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच या पुटपुटण्याच्या फेऱ्यात टिकतं. म्हणजे मर्यादा नुसती नगांवर नाही, वेळेवरही आहे. (आमच्या दुसऱ्या यादीत मात्र खोट आहे. नावं लांब आहेतच, शिवाय त्यांतली तीन कानाला सारखी लागतात. पुढच्या वेळी बदलायची.)

मग चोरी बंद. नावं पुठ्ठ्यावर लिहून एकेक दाखवायची आणि बघणाऱ्यानं त्याच वेळी मोठ्यानं 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत राहायचं. जीभ गुंतली की आतलं पुटपुटणं बंद. झालं तसंच. छोट्या नावांचा फायदाच उरला नाही, दोन्ही याद्या सारख्याच कोसळल्या. सहा मुलं एकदम विठ्ठल विठ्ठल करतायत म्हटल्यावर मामा दारातून डोकावले. "बाई, दिंडी काढताय होय?"

शेवटी माळ, टाळ, जाळ, गाळ, नाळ विरुद्ध माळ, वीट, फूल, दोर, चूक. पुठ्ठ्यावर डोळ्यांनी वाचूनसुद्धा पहिल्या यादीत क्रमाचा बट्ट्याबोळ. १९६४ साली कॉनराड यांनी इंग्रजी अक्षरांवर हे दाखवलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं अक्षरही आपण आवाज करूनच साठवतो, म्हणून चुकतानाही तशाच आवाजाचं अक्षर तोंडात येतं. ओपनरनं यादीत नसलेला 'फाळ' म्हटला आणि शप्पथ घेऊन सांगितलं की तो पुठ्ठा त्यानं पाहिलाय.

२८ ऑगस्ट

ताईच्या घरी गेले होते. मुलांच्या बरोबरीनं घरातल्या मोठ्यांनाही मोजायचं ठरलं होतं. तिची आजी सत्तरीच्या पुढची, चौथीपर्यंत शिकलेली. ओसरीवर शेंगा फोडत बसलेली.

ताईनं सपाट आवाजात एकेक अंक वाचले. पाच झाले. सहाला दोनदा चुकली. आजीनं शेंग परातीत टाकली. "असं सुटं सुटं काय सांगतीस गं? नंबर सांगायची रीत असती का ही? नीट सांग की."

नीट म्हणजे कसं, ते माझ्या लक्षात आलं. डब्यातून पुढचे दहा अंक निघाले होते ते मी जोडीनं वाचले. बेचाळीस, सत्त्याण्णव, तेरा, अडुसष्ट, पंचावन्न. आजीनं पाचही म्हणून दाखवले. चहा झाला, कप विसळून झाले, मी पुन्हा विचारलं. पुन्हा पाचही. कसे राहिले विचारल्यावर तिला प्रश्नच कळेना. "बेचाळीस म्हंजे सहा साते. अडुसष्ट सतरा चोक. पंचावन्न तर पाच अक्रं. त्यात काय ठेवायचंय लक्षात?"

सुटे पाच, जोडीनं दहा. एकाच बाईचे, एकाच दुपारी.

घरी येऊन मी मोबाइलवर वेळ लावून बोलून बघितलं. 'चार दोन' आणि 'बेचाळीस', 'नऊ सात' आणि 'सत्त्याण्णव'. मराठी जोडशब्द म्हणायला काही कमी वेळ लागत नाही, थोडा जास्तच. म्हणजे दोन सेकंदांच्या फितीत आजीनं जास्त माल कोंबला असं म्हणता येत नाही. तिच्या जुड्याच आधीपासून बांधून तयार होत्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा). पन्नासच्या दशकात शाळेत गेलेल्या बाईच्या डोक्यात संख्यांची एवढी मोठी मंडई आहे. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, ती शेंगा फोडताफोडता म्हणत गेली.

३ सप्टेंबर

आजीचा प्रयोग वर्गात लावला आणि तोंडावर आपटलो.

मुलांचे सुटे अंक सहा-सात येत होते. जोडीनं वाचल्यावर तीन जोड्यासुद्धा धड येईनात. चेहरे बघितले की कळत होतं काय चाललंय. मी म्हणते सत्त्याण्णव. समोरचा डोळे वर करतो, ओठ हलतात, "म्हणजे नाइन्टी सेवन", आणि तेवढ्यात अडुसष्ट येऊन निघूनही जातं. सेमी-इंग्रजीची मुलं. गणित इंग्रजीतून, दुकानदाराशी हिशेब इंग्रजीतून. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांच्यात कोणाचीच खात्री नाही. दोघांनी बावन्नचे २५ लिहिले. ऐकताना 'बा' आधी कानावर पडतो आणि हात दोन आधी लिहितो. माझ्या हातानंही लहानपणी यासाठीच मार खाल्लेला आहे, वेताच्या छडीचा.

तेच अंक 'फॉर्टी टू, नाइन्टी सेवन' असे वाचले तर मराठी जोड्यांपेक्षा बरे आले, पण आजीसारखी उडी कोणाचीच नाही. फॉर्टी टू त्यांना ओळखीचं आहे, जवळचं नाही. त्याला सहा साते चिकटलेलं नाही.

ताईचा भाऊ दारात उभा होता. त्याला विचारलं, सत्त्याण्णव म्हणजे किती? "नव्वद सात." २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' ही संख्यावाचनाची रीत आली तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढं रण माजलं होतं. मीही तेव्हा तावातावानं बोलले होते. आज तो पोरगा माझ्या नववीतल्या मुलांपेक्षा पटकन लिहून मोकळा झाला. लक्षात ठेवायला त्याची रीत आजीइतकी कामाची नाही, पण लिहायला त्यांच्यापेक्षा सरस आहे. माझं मत थोडं हललं. किती, ते अजून ठरवलेलं नाही.

मॉनिटरनं वहीत लाल पेनानं लिहिलं: जुडी ऐकताना बांधता येत नाही, आधीच घरात असावी लागते. वाक्य तिचं आहे. मी बदललं नाही.

५ सप्टेंबर, शिक्षकदिन

नववीची मुलं साड्या नेसून, पँटी इस्त्री करून खालच्या वर्गांवर शिकवायला गेली होती. शेवटचे दोन तास मात्र मी मागून घेतले.

विषय बदलला. आतापर्यंत मिनिटाभराचं स्मरण, आता आठवड्यांचं. रसायनशास्त्रातली बारा मूलकं आणि त्यांच्या संयुजा, हायड्रॉक्साइडपासून डायक्रोमेटपर्यंत, अमोनियम धरून. अर्ध्या मुलांनी कागद चार वेळा वाचायचा. उरलेल्यांनी एकदाच वाचायचा आणि मग तीन वेळा कागद पालथा घालून आठवेल तेवढं लिहायचं. वेळ दोघांना सारखाच.

पाच मिनिटांनी चाचणी. वाचणारा गट पुढे. "आम्हीच जिंकलो!" म्हणून बाकं वाजवली. लिहिणारे हिरमुसले, त्यांना वाटलं आपल्याला उगाच छळलं. मी काही बोलले नाही. शनिवारी गणपती.

१९ सप्टेंबर

परवा विसर्जन झालं. आवाज बसलेली, डोळे तारवटलेली मुलं. न सांगता कोरे कागद वाटले. बारा मूलकं लिहा.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना चार-पाच आली. लिहिणाऱ्यांना सात-आठ. गट पार उलटले. बाकं कोणी वाजवली नाहीत, पण लिहिणाऱ्यांच्या बाजूनं बरंच खोकून झालं.

आता सांगितलं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर असंच केलं होतं. त्यांच्याकडे मूलकं नव्हती, सूर्य आणि समुद्री ऑटर यांच्यावरचे उतारे होते. पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं वाचणारे ४० वर आणि आठवून बघणारे ६१ वर. यातली खरी गंमत अशी की वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्याला राहील. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे, हे पेपर हातात पडल्यावर कळतं.

आमच्या मापात भोकं आहेत. मॉनिटरनं कबूल केलं की गौरी जेवल्या त्या रात्री तिनं वही उघडून बघितलं. तिचा कागद बाद. आणखी एकाच्या क्लासमध्ये याच आठवड्यात मूलकं झाली. तोही बाद. पण भोकं झाकून प्रदर्शनाला जाण्यापेक्षा ती तक्त्यावरच लिहू, असं ओपनर म्हणाला. म्हटलं, शाब्बास.

विसरण्याचा आलेख पहिल्यांदा १८८५ साली जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसनं काढला, तोही स्वतःवरच. अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरगटं तयार केली आणि वर्षानुवर्षं पाठ करत बसला. किती आठवलं हे न मोजता तो वेगळंच मोजायचा: पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले. तासाभरानंच निम्म्याहून कमी बचत उरायची, दिवसानं तिसरा हिस्सा, महिन्यानं पाचवा. म्हणजे घसरण सुरुवातीला कड्यासारखी आणि नंतर माळासारखी. मुलांनी आलेख बघून तो आमच्या वाईजवळच्या पांडवगडासारखा दिसतो असं ठरवलं.

१ ऑक्टोबर

ओपनरनं हट्ट धरला: "मला सहाच येतात, मला वाढवायचेत."

त्याला एस. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला साधा मुलगा, सुरुवातीला सातच अंक. एरिक्सन आणि चेस यांनी त्याच्याकडून दीड वर्षाहून जास्त काळ, सुमारे २३० तास सराव करून घेतला. १९८० साली त्यांनी छापलं तेव्हा तो ७९ अंक म्हणत होता. पोरगा धावपटू होता. ३४९२ ऐकलं की त्याला ते तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद असं ऐकू यायचं, मैलाच्या शर्यतीची जवळपास विक्रमी वेळ. जे अंक वेळेत बसेनात त्यांचं वय करायचा. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. सहा. परत मूळ पदावर.

ओपनर धावत नाही, पण स्कोअर जगतो. २६४ रोहित. १७५ कपिल. ३६ युवराजची ओव्हर. १८३ वर मात्र भांडण लागलं: ८३च्या फायनलचा आपला स्कोअर, की धोनीचे, की कोहलीचे? शेवटी तिघांनाही एकाच खोलीत ठेवलं. रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, ताई वाचणार.

९ ऑक्टोबर

जागांची पद्धत करून बघितली. यादीतली एकेक वस्तू ओळखीच्या वाटेवर ठेवत जायची आणि मग मनातल्या मनात चालत जाऊन उचलायची. आमची वाट वाईतलीच: स्टँड, मंडई, पूल, घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ. पहिल्या दिवशी दहापैकी दहा, सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी नवी यादी दिली तर कालची छत्री अजून ढोल्या गणपतीच्या मांडीवरच. दोन याद्यांची सरमिसळ. एका वाटेवर रोज सामान टाकायचं तर मध्ये झाडलोट लागते. यावर आणखी वेळ घालवत नाही.

२२ ऑक्टोबर

सहामाही परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरात पडलेत, तरी आजचं लिहायलाच हवं.

वाईत वेदपठणाची जुनी परंपरा आहे. ओळखीच्या एका गुरुजींना विनंती केली, त्यांनी मुलांना अर्धा तास दिला. मंत्रांऐवजी त्यांनी मुलांचेच शब्द घेतले: खडू, डबा, छत्री. पाठांतराच्या रीती वेगवेगळ्या. क्रमपाठ म्हणजे खडू-डबा, डबा-छत्री. जटेत प्रत्येक जोडी सुलट, उलट, सुलट. आणि घन असा: खडू डबा, डबा खडू, खडू डबा छत्री, छत्री डबा खडू, खडू डबा छत्री. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच.

मॉनिटरनं लगेच बोटं मोजली. मधला कोणताही शब्द कधी पहिल्या जागी येतो, कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या. पाच, पाच आणि तीन. तेरा वेळा! गुरुजी हसले. आणि उलटं म्हणायचं असल्यामुळे चालीवर वाहून जाता येत नाही, एखादा शब्द निसटला तर पुढचा घन बसतच नाही. आम्ही इतके दिवस 'घोकंपट्टी' म्हणून नाक मुरडतो त्याच्या पोटात केवढी तपासणी बसवलेली आहे.

ओपनरनं गुरुजींनाच अंकमालेवर बसवलं. सात अंक. तो थोडा खट्टू झाला, त्याला वाटलं होतं शंभर तरी येतील.

येताना सतराचा पाढा आठवला. आमच्या मुलांना सतरा साते विचारलं तर सतरा एके सतरापासून पळत येतात. साखळी पक्की, पण मधून दार नाही. म्हणून मूलकांसाठी बुटांच्या खोक्यात पाच कप्पे केले. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे उतरत्या वारंवारतेनं. लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं १९७२ साली हे खोकं लोकप्रिय केलं. चिठ्ठ्या दर वेळी पिसायच्या, म्हणजे साखळी तयार होत नाही.

२१ नोव्हेंबर

काल मतदान. परवापासून ड्युटी, झोप नाही.

माझ्याकडे मतदारयादी होती. चिठ्ठी बघायची, यादीत नाव शोधायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं. तीनच अंक. सकाळी अकराच्या गर्दीत चिठ्ठीवरचा क्रमांक डोक्यात घेऊन पानं उलटतेय, तेवढ्यात एका एजंटानं विचारलं, "बाई, पंख्याचं बटन कुठंय?" आणि क्रमांक गेला. पुसून गेल्यासारखा. दिवसभरात असं किती वेळा झालं ते मोजायचंही सोडून दिलं.

१९५९ साली पीटरसन दांपत्यानं हेच दाखवलं होतं. फक्त तीन अक्षरं सांगायची आणि लगेच एखाद्या संख्येतून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं. अठरा सेकंदांनी दहातली एखादीच तिकडी आठवायची. अंक मोठा असण्याची गरज नाही, मध्ये कोणीतरी पंखा विचारला की पुरे. ओपनरच्या जिन्यात काय झालं असेल ते आता कळलं. आठवीच्या पोरांनी त्याला मधेच थांबवून मॅचचा स्कोअर विचारला होता, हे त्यानं आज कबूल केलं.

२८ नोव्हेंबर

ओपनरची फेरमोजणी. अंक चौदा, दोनदा. ऑक्टोबरमधले सहा बघता हे डोळे विस्फारण्यासारखं. मग क, ट, म, ल अशी सुटी अक्षरं चिठ्ठ्यांवर काढली. सहा. तो बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत बसला. "म्हणजे माझं डोकं वाढलंच नाही?" ताई म्हणाली, "वाढलं की. क्रिकेटपुरतं."

तक्त्याच्या नावावरून मतभेद. मुख्याध्यापकांना 'स्मरणशक्ती दुप्पट करा' हवंय. मॉनिटर म्हणते हे खोटं आहे, कारण अंक वाढले तरी स्मरणशक्ती दुप्पट झालेली नाही. तिच्या बाजूनं मी. तक्त्यावर 'नऊ सात की सत्त्याण्णव?' गेलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्रदर्शन. शेजारच्या टेबलावर स्वयंचलित सिंचन, पलीकडे हायड्रॉलिक जेसीबी. आमच्याकडे तक्ते, चिठ्ठ्यांचा डबा, बुटाचं खोकं आणि आजी. आजी ताईनं आणली होती. ती नऊवारी सावरत स्टुलावर बसली आणि येईल त्याच्याकडून अंक घेऊन जोडीनं म्हणून दाखवत होती. आमच्यापुढे सगळ्यात जास्त गर्दी तिच्यामुळे.

परीक्षक दोन. वयानं मोठे होते त्यांनी आल्याआल्या विचारलं, "मॉडेल कुठाय?" ताईनं उत्तर न देता डबा हलवला आणि त्यांनाच दहा अंक सुटे वाचून दाखवले. सहानंतर त्यांची गाडी अडली. मग नवे दहा, जोडीनं, मराठीतून. त्यांनी दहाही म्हटले आणि स्वतःच दचकले. त्यांच्याबरोबरचे तरुण सर तिसऱ्या जोडीला "सिक्स्टी... नाही, सेव्हन्टी नाइन?" म्हणून थांबले. मोठ्या सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना.

नंबर आला नाही. जेसीबीला पहिला. ओपनर दहा मिनिटं बोलला नाही, मग वडापाव मिळाल्यावर बोलायला लागला.

खोकं शाळेत परत आणलं, दहावीपर्यंत चालवायचं ठरलंय. अमोनियम, सल्फेट, नायट्रेट पाचव्या कप्प्यात पोचलेत. डायक्रोमेटची चिठ्ठी मात्र अजून पहिल्यातच आहे, आणि ती माझी आहे.